नवी वस्तू आणि जुनी तृष्णा

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात सोलापूर येथे दिलेले व्याख्यान)



संस्थेच्या कार्यकारिणीने मला आज जो विषय दिला आहे, तो वरवर पाहता किरकोळ वाटेल. नव्या नव्या वस्तूंचा मोह, विशेषतः दर वर्षा-दोन वर्षांनी नवा मोबाइल घेण्याचा मोह. शिक्षण, आरक्षण, अत्याचार, बेरोजगारी असे प्रश्न समोर असताना मोबाइलवर काय व्याख्यान द्यायचे, असे काही ज्येष्ठांना वाटेल. विद्यार्थ्यांना वाटेल की आता तासभर आपल्याला उपदेश ऐकावा लागणार. दोघांनाही माझी विनंती आहे की थोडे थांबा. हा प्रश्न आपल्या खिशाचा आहे, आपल्या स्वाभिमानाचाही आहे, आणि आपल्या समाजाच्या बाबतीत तो इतरांपेक्षा थोडा वेगळा आहे. तो वेगळा का आहे, तेथूनच मी सुरुवात करतो.

वस्तूंचा त्याग करा, साधे राहा, गरिबीतच सुख आहे, असा उपदेश या देशात शेकडो वर्षे चालत आला आहे. पण हा उपदेश कोणी कोणाला केला, हे पाहिले पाहिजे. ज्यांच्या घरात सर्व काही होते, त्यांनी तो ज्यांच्या घरात काही नव्हते त्यांना केला. आपल्या पूर्वजांना तर साधेपणा निवडण्याची मुभाच नव्हती. तो त्यांच्यावर लादलेला होता. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी जे भाषण लिहिले, जे प्रत्यक्षात होऊ शकले नाही आणि पुढे पुस्तकरूपाने आले, त्यात याची उदाहरणे दिली आहेत. इंदूर संस्थानातील बलाई लोकांना १९२८ च्या सुमारास सवर्णांनी जे नियम घालून दिले, त्यांत बलाई पुरुषांनी जरीकाठी पागोटे वापरू नये, रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसू नये, बलाई स्त्रियांनी सोन्या-चांदीचे दागिने घालू नयेत, असे नियम होते. अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावी १९३५ साली अस्पृश्य स्त्रियांनी पाणी भरायला धातूची भांडी वापरली, म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. मित्रहो, विचार करा, भांडे! पाणी भरण्याचे साधे भांडे!

म्हणून आपल्या समाजात नवी वस्तू ही केवळ वस्तू कधीच नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले. स्वच्छ राहा, लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अस्पृश्यतेची खूण बनलेले ओझ्याचे दागिने टाकून द्या, असे त्यांनी सांगितले आणि स्त्रियांनी ते लगेच अमलात आणले. स्वतः बाबासाहेब उत्तम शिवलेला सूट घालत. त्यांना फौंटन पेनांची आवड होती. त्याबद्दल त्यांना कोणी नावे ठेवली असतील तर ठेवोत. त्या सुटाने लाखो लोकांना ताठ मानेने उभे राहायला शिकवले, ही गोष्ट विसरता येत नाही.

बाबासाहेबांनी १९१८ साली बर्ट्रांड रसेल यांच्या सामाजिक पुनर्रचनेवरील ग्रंथाचे परीक्षण लिहिले आहे. विद्यार्थ्यांनी ते आवर्जून वाचावे. त्यात त्यांचा रोख असा आहे की संपत्ती ही मुळात वाईट नाही. तिचे वाटप विषम आहे, हे दुखणे आहे. भौतिक सुखांना तुच्छ मानणारे तत्त्वज्ञान हे पुष्कळदा ती सुखे हाताशी नसलेल्या काळात जन्माला आलेले असते. तेव्हा मोबाइल घेऊ नका, टीव्ही घेऊ नका, असे सांगायला मी उभा नाही. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा फोन हीच शाळा झाली होती. ज्या घरात तीन मुले आणि एक फोन होता, त्या घरातील दोन मुलांची शाळा बुडाली. आज शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, परीक्षेचे प्रवेशपत्र काढायचे, नोकरीची जाहिरात पाहायची, तर फोन लागतोच. ती गरज आहे आणि गरजेची वस्तू संकोच न करता घ्यावी.

आणखी एक गोष्ट. २०१५ साली शिर्डी येथे बाबासाहेबांच्या गीताची रिंगटोन फोनवर वाजली, या कारणावरून एका दलित तरुणाचा खून झाल्याच्या बातमीने महाराष्ट्र हादरला होता. म्हणजे आपल्या हातातला फोन अजूनही काहींच्या डोळ्यांत खुपतो. हे ज्याला ठाऊक आहे, तो आपल्या मुलाला 'तुला कशाला हवा फोन?' असे सहजासहजी म्हणणार नाही.

मग प्रश्न कोठे सुरू होतो? हातातला फोन चांगला चालत असतानाही दुसरा हवासा वाटू लागतो, तेथे सुरू होतो. वस्तू नसल्याचे दुःख आणि वस्तू जुनी झाल्याचे दुःख ही दोन वेगळी दुःखे आहेत. पहिले दुःख आपल्या पूर्वजांवर समाजव्यवस्थेने लादले. दुसरे दुःख बाजारात तयार होते. ते कसे तयार होते, हे आपण थोडे समजून घेऊ.

अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली मॉडेल टी नावाची मोटार काढली. १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटींहून अधिक गाड्या निघाल्या. मधली बरीच वर्षे ती फक्त काळ्या रंगात मिळत असे. गाडी मजबूत होती, दुरुस्तीला सोपी होती. मग ज्याच्याकडे गाडी आहे, त्याला दुसरी कशी विकायची? जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी याचे उत्तर शोधले. दर वर्षी रंग बदला, आकार बदला, नवे मॉडेल आणा. गाडी चालते की नाही, हा प्रश्न मागे पडला. गाडी कोणत्या सालची आहे, हा प्रश्न पुढे आला. त्याच सुमारास, १९२४ साली, दिव्यांचे बल्ब बनविणाऱ्या बड्या कंपन्यांनी जिनिव्हा येथे एक संघ स्थापन केला. बल्बचे आयुष्य एक हजार तासांवर ठेवायचे, असे त्यांनी ठरविले. ज्या कारखान्याचे बल्ब जास्त काळ टिकत, त्याला दंड होई! चांगले काम केल्याबद्दल दंड, अशी ही रीत.

आपल्याकडे हे जरा उशिरा आले. पुण्याजवळ आकुर्डीच्या कारखान्यात बनणारी बजाज चेतक स्कूटर ज्येष्ठांना आठवत असेल. १९७२ पासून ती निघू लागली. नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. एकदा घरात आली की ती वीस-वीस वर्षे टिके. कोपऱ्यावरचा कोणताही मिस्त्री ती उघडी. स्कूटर जुनी आहे म्हणून कोणी लाजत नसे. त्या काळाचे गोडवे मी गात नाही. वाट पाहण्याची ती सक्तीही चांगली नव्हती. पण वस्तूशी माणसाचे नाते काय होते, हे त्यावरून कळते.

पुढे १९८० नंतरच्या दशकात मुंबईच्या ओनिडा कंपनीच्या टीव्हीची जाहिरात आली. शिंगे आणि शेपूट असलेला एक सैतान त्यात असे. गोपी कुकडे यांच्या कल्पनेतून तो आला. शेजाऱ्याच्या मनात मत्सर निर्माण होणे हाच मालकाचा अभिमान, असा त्या जाहिरातीचा अर्थ होता. मला ती जाहिरात एका दृष्टीने फार प्रामाणिक वाटते. कारण इतर जाहिराती जे लपवतात, ते तिने उघड सांगितले. चित्र किती स्वच्छ दिसते, हा मुद्दा तिने मागे ठेवला आणि शेजारी किती जळतो, हा पुढे आणला. बोधिवृक्षाखाली बसलेल्या सिद्धार्थापुढे मार आला, तो लोभ आणि भीती घेऊन आला होता. आजचा मार घरोघरी पडद्यावर येतो आणि त्याला शिंगेसुद्धा असावी लागत नाहीत.

आता फोनचे पाहू. भारतात मोबाइल सेवा १९९५ साली सुरू झाली. २००३ साली नोकिया कंपनीचा ११०० हा फोन आला. धूळ आत जाऊ नये अशी त्याची बटणे होती आणि वर एक बॅटरी, म्हणजे टॉर्च होती. भारनियमनाच्या दिवसांत तिचा मोठा उपयोग होई. मागचे झाकण नखाने उघडे, बॅटरी बदलता येई. जगभर तो पंचवीस कोटींवर विकला गेला. आज बहुतेक फोनचे मागचे झाकण डिंकाने चिकटवलेले असते. आत लिथियमची बॅटरी असते. चार्ज करण्याच्या काही शे फेऱ्या झाल्या की तिची साठवण कमी होत जाते. हा रसायनशास्त्राचा नियम आहे, त्यात कोणाचा दोष नाही. पण बॅटरी थकली म्हणजे फोन मेला, असे आपल्याला वाटावे, ही सोय मात्र माणसाने केलेली आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीने मान्य केले की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग ती सॉफ्टवेअरमधून कमी करत होती. फोन अचानक बंद पडू नये म्हणून आपण हे केले, असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु ग्राहकाला हे नीट सांगितले नव्हते. त्याबद्दल फ्रान्समध्ये २०२० साली कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. ज्यांचा फोन हळू झाला, त्यांपैकी कितीजणांना वाटले असेल की आता नवा घेतलाच पाहिजे? खरे पाहता पुष्कळांचे काम नव्या बॅटरीत भागले असते.

मित्रहो, दुकानात आणखी एक मंत्र म्हटला जातो, तो म्हणजे 'बिनव्याजी हप्ता'. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट कळविले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. मग व्याज जाते कोठे? समजा, एक फोन वीस हजारांचा आहे. रोख देणाऱ्याला तो सवलतीत साडेअठरा हजारांना मिळतो. हप्त्याने घेणाऱ्याला सवलत नाही, वर प्रक्रिया शुल्क वेगळे. हे जे दीड-दोन हजार जास्त गेले, तेच व्याज. फक्त त्याचे नाव बदलले. हप्ता चुकला तर दंड लागतो आणि त्याची नोंद आपल्या पतइतिहासात होते. उद्या शैक्षणिक कर्ज मागायला गेलात की तीच नोंद आडवी येते.

आपण सोपा हिशोब करू. वीस हजारांचा फोन दर दोन वर्षांनी बदलला, तर दहा वर्षांत पाच फोन, म्हणजे एक लाख रुपये. तोच फोन पाच वर्षे वापरला, तर दहा वर्षांत दोन फोन, चाळीस हजार. दोन वेळा बॅटरी बदलायला प्रत्येकी दोन हजार धरा, एकूण चव्वेचाळीस हजार. फरक ५६,००० रुपयांचा. या रकमेत काय काय होते, ते प्रत्येकाने आपल्या घरात पाहावे. स्पर्धा परीक्षेची पुस्तके होतात, बहिणीच्या वसतिगृहाचे पैसे होतात, आजारपणासाठी हाताशी शिल्लक राहते.

आपल्या सोलापुरात हिशोबाचे आणखी एक माप आहे. येथे हजारो माता-भगिनी विड्या वळतात आणि त्यांची मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते. ज्यांच्या घरी आई किंवा आजी विड्या वळते, त्या विद्यार्थ्यांनी फोनची किंमत रुपयांत न विचारता विड्यांच्या हजारांत काढून पाहावी. किती पाने कातरली गेली, किती दोरे बांधले गेले, पाठ किती दिवस वाकली, ते कागदावर लिहावे. ज्यांचे वडील यंत्रमागावर आहेत, त्यांनी पाळ्यांत मोजावे. मग जो आकडा येईल, तो पाहूनही फोन घ्यावासा वाटला तर जरूर घ्यावा. पण आकडा पाहिल्याशिवाय घेऊ नये.

आता धम्म याबद्दल काय म्हणतो, ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी आहे की भगवान बुद्धांनी वस्तूंनाच दुःखाचे कारण म्हटले. ते बरोबर नाही. दुःखाचे कारण तृष्णा आहे, वस्तू नाही. तृष्णेचे लक्षण असे की ती मिळाल्याने शमत नाही, ती पुढच्या गोष्टीकडे सरकते. पेटीतून नवा फोन काढला त्या दिवशीचा आनंद महिन्याने कोठे असतो? फोन तोच असतो, आनंद मात्र पुढच्या मॉडेलकडे निघून गेलेला असतो.

गृहस्थांसाठी भगवंतांचा उपदेश अगदी व्यवहारी आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात त्यांनी सिगाल नावाच्या तरुणाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा भाग संकटकाळासाठी. लक्षात घ्या, उपभोगाला त्यांनी भाग ठेवला आहे. तो नाकारलेला नाही. पण तो चौथा हिस्सा आहे. विद्यार्थ्याचा कामधंदा म्हणजे त्याचे शिक्षण. आपल्या खर्चात उपभोगाचा एक भाग आणि शिक्षणाचे दोन भाग आहेत का, की हे प्रमाण उलटे झाले आहे?

अंगुत्तरनिकायात कोलीय कुळातील दीघजाणू नावाच्या गृहस्थाची गोष्ट आहे. त्याने भगवंतांना सरळ विचारले की आम्ही संसारी माणसे आहोत, मुलेबाळे आहेत, चंदन-माळा वापरतो, आम्हाला झेपेल असे काही सांगा. भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. उद्योग करावा, मिळवलेले राखावे, चांगल्या मित्रांची संगत धरावी आणि समजीविता पाळावी. समजीविता म्हणजे आय आणि व्यय यांचा तोल. तराजू धरणाऱ्याला जसे कोणते पारडे किती झुकले ते कळते, तसे गृहस्थाला कळावे. जो मिळकत थोडी असून मोठा थाट करतो, त्याला त्यांनी उंबर खाणाऱ्याची उपमा दिली. चार उंबरे खाण्यासाठी तो सारे झाड हलवतो आणि ढीगभर फळे मातीत घालवतो. आणि ज्याची मिळकत मोठी असून जो उपाशीपोटी चिंधीत राहतो, त्यालाही भगवंतांनी नावाजलेले नाही. कंजूषपणा म्हणजे धम्म नव्हे. चौथ्या गोष्टीइतकीच तिसरीही महत्त्वाची आहे. कल्याणमित्र कोण? 'अरे, अजून हाच फोन वापरतोस?' असे विचारणारा, की 'तुझा अर्ज भरून झाला का?' असे विचारणारा? आपापल्या मित्रांना या कसोटीवर लावून पाहा.

आता आपल्या कापडाच्या शहराला शोभेल अशी एक कथा सांगतो. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ती आली आहे. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर आनंद स्थविर कौशाम्बीला गेले. तेथे राजा उदयनाच्या राण्यांनी त्यांना पाचशे उत्तरीय वस्त्रे दान दिली. राजाला राग आला. एक भिक्षू एवढी वस्त्रे घेऊन काय करणार? कापडाचे दुकान घालणार की काय? तो आनंदांकडे गेला आणि विचारू लागला. आनंद म्हणाले, ज्या भिक्षूंची चीवरे जीर्ण झाली आहेत, त्यांना ही वाटू. मग जुन्या चीवरांचे काय करणार? त्यांची अंथरुणावर घालायची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे काय? गादीच्या खोळी करू. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरू. जुन्या अंथरण्यांचे? पायपुसणी करू. जुन्या पायपुसण्यांचे? धूळ झाडण्याची फडकी करू. आणि ती फडकी जीर्ण झाली की? त्यांचे तुकडे करून, चिखलात कालवून, त्याने जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने स्वतःहून आणखी पाचशे वस्त्रे दिली.

ही कथा आपल्या आजीला सांगितली तर ती म्हणेल, यात नवीन ते काय? नऊवारी लुगडे विटले की त्याची वाकळ, वाकळ फाटली की बाळाची दुपटी, दुपटी विरली की चुलीजवळचे फडके. सोलापूरची जेकॉर्ड चादर, जिला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती घराघरात वर्षानुवर्षे टिकते. ज्या शहरात १८७४ साली जुन्या गिरणीची कंपनी निघाली, ज्या शहराने पिढ्यान् पिढ्या टिकाऊ कापड विणले आणि मग गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद होताना ऐकले, त्या शहराच्या मुलांना टिकाऊपणाची किंमत बाहेरच्याने शिकवायची गरज नाही. आनंद स्थविरांचा प्रश्न आपण आपल्या फोनला लावू. नव्याचे ठीक आहे, जुन्याचे काय करणार?

तेथे आपल्याशी जवळून संबंध असलेली गोष्ट येते. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला. त्यातील जेमतेम २२ टक्के कचऱ्याचे रीतसर पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. बाकीचा कोठे जातो? पुष्कळसा भंगारात जातो. दिल्लीचे सीलमपूर, उत्तर प्रदेशातील मुरादाबाद अशा वस्त्यांत माणसे हातांनी तो फोडतात. तांबे काढण्यासाठी तारा जाळतात, सोन्याच्या कणांसाठी पट्ट्या आम्लात बुडवतात. शिसे आणि विषारी धूर त्यांच्या फुप्फुसांत जातो. ही माणसे कोण आहेत? गरीब मुसलमान आहेत, दलित आहेत. आपल्या महाराष्ट्रात पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातील कचरावेचक भगिनींत बहुसंख्य दलित आहेत. या देशात घाण उचलण्याचे काम जातीने वाटून दिले आहे. गावकुसाबाहेर मेलेली ढोरे ओढण्याचे काम आपण बाबासाहेबांच्या सांगण्यावरून सोडले. पण नव्या युगाची मेलेली ढोरे, म्हणजे हे टाकून दिलेले फोन आणि टीव्ही, पुन्हा आपल्याच भावा-बहिणींच्या वस्तीत येऊन पडत आहेत. चालू असलेला फोन फॅशनसाठी टाकताना ही साखळी डोळ्यांसमोर ठेवावी.

सुदैवाने कायदा थोडा जागा होत आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोबाइल, घरगुती उपकरणे, वाहने आणि शेतीची अवजारे येतात. १ एप्रिल २०२३ पासून इ-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. त्यांनुसार उत्पादकांवर जुन्या मालाच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी आहे. युरोपीय संघात जून २०२५ पासून फोनचे सुटे भाग आणि सॉफ्टवेअर अनेक वर्षे पुरविण्याचे बंधन उत्पादकांवर आले आहे. म्हणजे टिकाऊपणा ही आता केवळ आजीची शिकवण राहिलेली नाही, तो ग्राहकाचा हक्क होऊ पाहत आहे. हक्क म्हटला की तो मागावा लागतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

विद्यार्थ्यांना मी चार गोष्टी सुचवतो. पहिली, नवा फोन घ्यावासा वाटला की तीस दिवस थांबा. गरज असेल तर ती तीस दिवसांनीही तेथेच असेल, मोह असेल तर तो बहुधा दुसरीकडे गेलेला असेल. दुसरी, आधी दुरुस्तीवाल्याकडे जा. बॅटरी, पडदा, चार्जिंगचे टोक, या तीन गोष्टी बदलून पुष्कळ फोन पुन्हा धावू लागतात. फोन भरला असेल तर आतले नको असलेले व्हिडिओ काढा. तिसरी, घ्यायचाच असेल तर कंपनी किती वर्षे सुरक्षिततेची सुधारणा देणार, हे विचारा. फोन जुना झाल्याचे खरे लक्षण तेच आहे. ती सुधारणा बंद झालेल्या फोनवर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे असते, तेव्हा असा फोन बदलणे हा मोह नव्हे. चौथी, हप्ता सुरू असताना दुसरा हप्ता घेऊ नका.

आणि पालकांनाही एक सांगणे आहे. मुलाने घरात दोन महिने अबोला धरला म्हणून फोन आणून देऊ नका, आणि 'आमच्या वेळी नव्हते' म्हणून नाकारूही नका. त्याला शेजारी बसवा आणि घराचा महिन्याचा हिशोब दाखवा. बहुतेक घरांत मुलांना फोनची किंमत पाठ असते, पण वडिलांचा पगार माहीत नसतो. हिशोब पाहिलेले मूल शहाणे होते.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपुढे मी एक सूचना ठेवतो. संस्थेने एक जुने-फोन-केंद्र सुरू करावे. ज्यांच्या कपाटात चालू किंवा दुरुस्त होण्याजोगे फोन पडून आहेत, त्यांनी आपली माहिती पुसून ते येथे द्यावेत. आपल्या समाजातील आयटीआय शिकलेली, दुरुस्तीची कला येणारी मुले आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार द्यावा आणि ते फोन नीट करून दहावी-बारावीच्या गरजू विद्यार्थ्यांना मिळावेत. जे नीट होणार नाहीत, ते भंगारात न देता अधिकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे पाठवावेत. ४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने याच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले होते. त्या काळी मुलाला शिकायला छप्पर लागत होते, म्हणून समाजाने छप्पर दिले. आज छपराबरोबर हे साधनही लागते. वारसा तोच आहे.

शेवटी एकच गोष्ट. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाला आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्यास सांगितले. वीस हजार मिळवणाऱ्याचा विसावा भाग एक हजार होतो. तो जड जातो, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. पण चोवीस हजारांच्या फोनचा बारा महिन्यांचा हप्ता दोन हजार येतो, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, आणि तो मात्र आपण तारखेच्या आधी भरतो. ज्या बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली, त्यांना नव्या-जुन्याचा भेद कधी आड आला नाही. पुस्तक जुने होते, त्यातून घडलेला माणूस नवा होता.

आपल्या पूर्वजांना चांगली वस्तू वापरू दिली नाही, म्हणून ते लहान नव्हते. आपण महागडी वस्तू वापरतो, म्हणून आपण मोठे होत नाही. आपला मान रक्त आणि घाम देऊन मिळवलेला आहे. तो हप्त्यावर मिळत नाही आणि नवे मॉडेल आले म्हणून जुना होत नाही.

 

जय भीम! जय भारत!